पुण्याहून येणाऱ्या गोळ्या

वरदाला तिच्या बाबाचीच किडनी बसवायची, हे आमच्या घरात जवळजवळ ठरून गेलं होतं. वरदा आमची एकुलती एक. इथेच इंग्लंडात, लेस्टरला जन्मली, इथल्याच शाळेत शिकवते, अजून तिशीही गाठली नाही, आणि दोन्ही किडन्या निकामी व्हायच्या बेतात. डायलिसिस दाराशी येऊन उभं होतं. मला डायबेटीस, त्यामुळे डॉक्टरांनी मला पहिल्याच भेटीत बाद केलं. ह्यांचा ब्लड ग्रुप मात्र जुळला, पुढचंही सगळं जुळलं. तेव्हापासून आमचे गिरीशराव छाती पुढे काढून चालायला लागले. मंडळाच्या कार्यक्रमात भेटेल त्याला सांगायचे, "पोरीला माझीच देणार." मला चारचौघांत लाजल्यासारखं व्हायचं, पण आतून बरंही वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आता ह्यांच्या अंगठ्याबद्दल सांगायला हवं. वरदा प्रायमरी शाळेत होती तेव्हाची गोष्ट. एका सकाळी ह्यांच्या उजव्या पायाचा अंगठा टोमॅटोसारखा लाल होऊन फुगला. पांघरुणाचा स्पर्शही सोसेना. जीपीने, म्हणजे इथल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरने, रक्त तपासलं तर युरिक अ‍ॅसिड भलतंच वाढलेलं. गाउट म्हणाला. त्याने शांतपणे समजावून सांगितलं की दुखणं चार दिवसांत थांबेल, पण युरिक अ‍ॅसिड रक्तात तसंच राहील, वर्षानुवर्षं सांध्यांत साचत जाईल, किडनीलाही जाच करेल. म्हणून रोज एक गोळी घ्यायची, कायमची. ह्यांनी ती सुरू केली आणि महिन्याभरात अंगठा पुन्हा भडकला. सुरुवातीला असं होतं, तरी गोळी सोडायची नाही, हेही त्याने बजावलं होतं. पण ऐकतील तर हे कसले! "ह्या गोळीनेच दुखतंय," म्हणून पाकीट कचऱ्यात गेलं. "आज दुखत नाही त्याला जन्मभर औषध? ह्या गोऱ्यांचं काहीतरीच."

मग दुखलं की काय? तर पुण्याच्या गोळ्या. पुण्याहून कुणीही इकडे यायला निघालं की फोन येतो, "येताना काय आणू?" लोक चिवडा मागतात, गोडा मसाला मागतात. हे पेनकिलर मागायचे. इथे ती गोळी मागायला गेलं की जीपी छप्पन्न प्रश्न विचारतो. तिथे कोपऱ्यावरचा मेडिकलवाला मागाल तेवढी देतो. सुलक्षणावन्स, म्हणजे माझी थोरली नणंद, दरवेळी भाकरवडीच्या पुड्यांमध्ये ती पाकिटं बसवून आणायच्या आणि वर मलाच सुनवायच्या, "माझ्या भावाला दुखतं गं, तुला काय त्याचं!" ह्यांनी ती गोळी घेतली की अंगठा ताळ्यावर यायचा आणि हे पुन्हा बॅडमिंटनला हजर. रक्त तपासायला जीपीकडून बोलावणं आलं की ह्यांना नेमकी मीटिंग असायची. असा त्या अंगठ्याचा संसार आमच्या संसाराबरोबर सुखाने चालला होता.

डोनरच्या बाकीच्या तपासण्या झाल्यावर हॉस्पिटलने आम्हा दोघांना बोलावलं. हेलन नावाची नर्स होती, डोनर लोकांचं सगळं तीच बघायची. तिने आम्हाला एका लहानशा खोलीत नेलं, दार लावून घेतलं आणि टिश्यूचा डबा आमच्याकडे सरकवला.

"तुम्हाला किडनी देता येणार नाही," ती ह्यांना म्हणाली. "तुमच्याच किडन्यांचं काम निम्म्यावर आलंय."

ह्यांना वाटलं, रिपोर्टची अदलाबदल झाली असणार. "पण मला काहीच त्रास नाही," हे म्हणाले. "बॅडमिंटन खेळतो मी."

किडनी बिघडताना बहुतेकांना काहीच जाणवत नाही, असं तिने सांगितलं. मग कुठल्या पेनकिलर घेता, म्हणून विचारलं. ह्यांनी नाव सांगितलं. किती वर्षं, असं विचारल्यावर हे माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा मीच सांगितलं. हेलन रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. वाढलेलं युरिक अ‍ॅसिड, आता तपासणीत निघालेलं ब्लड प्रेशर आणि त्या गोळ्या, तिन्ही मिळून इतक्या वर्षांत हे झालं असावं, एवढंच म्हणाली.

ह्यांनी एकच विचारलं, "माझ्या मुलीला तुम्ही हे सांगणार?"

"नाही. तुमची माहिती आम्ही कुणाला देत नाही. ऑपरेशन होणार नाही एवढंच तिला कळवू. कारण सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

कारमध्ये बसल्यावर हे म्हणाले, "प्रमोदिनी, तू बोलू नकोस. मी सांगतो तिला. मीच सांगतो." आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून हुंदके देऊन रडले. सासूबाई गेल्या तेव्हाही मी ह्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मला ह्यांची दया आली आणि ह्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं. अहो, एका अंगठ्यासाठी! माझ्या पोरीची किडनी तुम्ही एका अंगठ्यासाठी घालवलीत! हे सगळं मी मनात म्हणाले आणि ह्यांच्या पाठीवर हात ठेवला.

रविवारी वरदा आली. चेहरा सुजलेला, हात सुजलेले, जिना चढून आल्यासारखा दम लागलेला. हे सकाळपासून अंघोळ करून सोफ्यावर बसले होते, काय बोलायचं ते मनात घोळवत. ती सरळ त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांचा हात हातात घेतला.

"बाबा, हॉस्पिटलचा फोन आला होता. ते रीझन सांगत नाहीत. पण मला समजला. डोनर कधीपण माइंड चेंज करू शकतो, आणि ते लोक कव्हर करतात त्याला, कोणाला कळू नाही देत, मी वाचलाय. तू घाबरला ना? इट्स ओके, बाबा. मी पण घाबरली असती."

मी दारात उभी होते. बोला, आता तरी बोला, माझा जीव नुसता ओरडत होता.

"हो," हे म्हणाले. "घाबरलो गं."

"आय न्यू इट." तिने त्यांना जवळ ओढलं. "मी वेटिंग लिस्टवर आहे ना. कोणाची तरी मिळेल." मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. माझा चेहरा बघून तिला काय वाटलं कोण जाणे. "आई, प्लीज, तू त्याला काही बोलू नको. खूप मोठी गोष्ट मागितला होता आपण त्याच्याकडे."

भित्र्या बापाला तिने एका क्षणात माफ केलं होतं. खरं कळल्यावर केलं असतं का, ते विचारायची हिंमत ह्यांच्यात नव्हती, आणि त्या क्षणी मला कळलं की माझ्यातही नव्हती.

"नाही बोलणार," मी म्हणाले.

ह्यांनी मान वर केली नाही. वरदा सुजलेल्या हाताने बापाची पाठ थोपटत राहिली.