चिकूचं पथ्य

मनोहररावांचा कुत्रा शाकाहारी होता. कुत्र्याला तसं कोणी विचारलं नव्हतं, पण मनोहरराव तसं सांगत, आणि त्रिमूर्तीनगरातल्या श्रीफळ अपार्टमेंटमध्ये सचिव जे सांगेल ते खरं धरायची पद्धत होती. चिकू नावाचा हा बदामी लॅब्राडोर सकाळी दूधपोळी खायचा, संध्याकाळी वरणभात, आणि एकादशीला घरच्यांबरोबर भगर. "घरात संस्कार असले ना, की जनावरही सुधरते," असं मनोहरराव आल्यागेल्याला ऐकवत. फिरायला नेलं की हाच संस्कारी कुत्रा मटणाच्या दुकानाकडे असा काही ओढायचा की मनोहररावांच्या चपला घासत जायच्या. तेवढं सांगायचं राहून जाई.

बिल्डिंगही शाकाहारी होती. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, आणि न लिहिलेला नियम मोडायची कोणाची हिंमत होत नाही. दर रविवारी बिल्डिंगमधले निम्मे पुरुष स्कूटरी काढून सावजी भोजनालयात जात, तर्रीचं मटण ओरपून लालबुंद होऊन परत येत आणि जिन्यात बडीशेप चघळत चघळत सात्त्विक आहाराचे फायदे बोलत. बाहेर खाल्लेलं बाहेरच राहतं, असा त्यांचा समज होता. मनोहररावांनी मात्र आयुष्यात खरोखरच कशाला हात लावला नव्हता, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

अशा या पवित्र वास्तूच्या तळमजल्यावर गेल्या वर्षी धम्मानंद मेश्रामांचं कुटुंब भाड्याने राहायला आलं. धम्मानंद मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला, बायको सरिता शाळेत शिक्षिका, मुलगी दीक्षा दहावीत, आणि धम्मानंदच्या आई सिंधूताई, नरखेडकडच्या. माणसं शांत. पण रविवारी त्यांच्या कुकरची शिटी झाली की वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या धडाधड बंद होत. मनोहररावांनी पुण्याला घरमालकाला फोन केला. "आमचा जातीपातीवर मुळीच विश्वास नाही. प्रश्न फक्त वासाचा आहे," ते म्हणाले. हे वाक्य ते इतक्यांदा म्हणाले की घरमालकालाही वाटलं, यांना जातीचं विचारलं कोणी?

घरमालकाने हात झटकले. सोसायटीने ना-हरकत दिली तर करार पुढे वाढवतो, नाहीतर महिनाअखेरीस घर रिकामं. सरिताने इकडेतिकडे घरं पाहिली. दोन ठिकाणी आधी नाव विचारलं, मग आडनाव, आणि मग ते घर नेमकं कालच कोणीतरी घेतलेलं निघालं. पोरीची दहावी तोंडावर आणि डोक्यावरचं छप्पर सोसायटीच्या सभेवर टांगलेलं. सभेचा रविवार ठरला.

आणि मध्येच चिकू पडला.

गोचिडांचा ताप. दोन दिवसांत त्या दांडग्या कुत्र्याचं चिपाड झालं. जनावरांच्या डॉक्टर अपेक्षाताईंनी सलाइन लावलं, सुया टोचल्या, गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "रक्त फार कमी झालंय काका. औषधं मी देते, पण ताकद पोटातूनच येणार. उकडलेलं चिकन द्या, थोडी कलेजी, मऊ भात. मीठ, मसाला, कांदा, लसूण काही नको."

"पनीर चालणार नाही का?" मनोहररावांनी विचारलं.

"खात असेल तर द्या."

चिकू खाईना. पनीर झालं, मुगाचं कढण झालं, दुधी झाला, नाचणीची पेज झाली. मनोहररावांच्या पत्नी हर्षाताईंनी पेजेत साजूक तूप सोडलं, तेव्हा चिकूने एकदा डोळे उघडून वाटीकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मुलगी कॅनडात गेल्यापासून या दोघांच्या घरात वावरणारा एवढा एकच जीव. मनोहरराव चमचा घेऊन त्याच्यापाशी फरशीवर बसत, "एक घास, फक्त एक," म्हणत, आणि उठताना डोळे पुसत. इतकं आर्जव त्यांनी बँकेतल्या नोकरीत साहेबापुढेही केलं नव्हतं.

शेवटी हर्षाताईंनी निकाल दिला. "माझ्या ओट्यावर अंडंसुद्धा चढणार नाही, आधीच सांगते. पण तो असा उपाशी गेला तर मी जन्मात तुमच्याशी बोलणार नाही."

"मग मी करू काय?"

"खाली जा."

खाली म्हणजे कुठे, हे सांगावं लागलं नाही. अडला हरी म्हणतात तो असा. मनोहरराव एकच जिना उतरले, पण मध्ये दोनदा थांबून चष्मा पुसला. दार सरिताने उघडलं.

"सरिता बेटा," मनोहरराव म्हणाले. वर्षभरात त्यांनी तिला नावानेही हाक मारली नव्हती.

"या ना भाऊ, दारात काहून उभे?" आतून सिंधूताईंचा आवाज आला.

मनोहरराव खुर्चीच्या कडेवर टेकले. समोर भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची. खाली पाहत त्यांनी चिकूची सगळी कहाणी सांगितली. सरिताने ऐकून घेतलं.

"काका, आमच्या घरच्या वासानं तुमचं डोकं दुखते म्हणे?" ती म्हणाली. "घरमालकांनी सांगितलं."

"ते... ते वेगळं होतं."

"थांब वं सरिता," सिंधूताई हात पुसत बाहेर आल्या. "मुक्या जनावराशी का भांडण हाय आपलं? मीठ नाई म्हणता भाऊ?"

"नाही."

"हळद? तिखट? लसणाची पाकळी?"

"काहीच नाही."

"बाप्पा! मंग त्याले सयपाक काहून म्हणता? नुसतं उकडणं झालं ते." असं म्हणत त्या पातेलं शोधायला आत गेल्या.

त्या दिवशी चिकूला उचलून खाली नेलं, कारण ते चिकन वर आणायला हर्षाताईंची परवानगी नव्हती. सिंधूताईंनी भात बोटांनी मऊ कुस्करला, चिकनचं एकेक हाड चाचपून बाजूला काढलं, वर उकडलेलं पाणी ओतलं. चिकूचं नाक हललं. मग मान उठली. मग त्याने जे खायला सुरुवात केली ती ताटली सरकत सरकत भिंतीला लागेपर्यंत. इतक्या वर्षांचे संस्कार एका ताटलीत धुऊन निघाले. मनोहररावांना वाईट वाटायला हवं होतं, पण ते हसत होते आणि सिंधूताईंना परत परत म्हणत होते, "खाल्लं हो त्यानं! खाल्लं!"

तेव्हापासून रोज दुपारी तळमजल्यावर चिकूचं पातेलं चढू लागलं. आता गंमत अशी, की मसाल्याच्या रश्श्याचा वास निदान फोडणीचा म्हणून खपतो. बिनमसाल्याचं चिकन उकळलं की ते आपलं नाव लपवत नाही. वास जिन्यातून वर चढला तो थेट गच्चीपर्यंत. आधी मेश्रामांकडे रविवारचं एकदा शिजायचं, आता रोजचं. दुसऱ्या मजल्यावरच्या मधुकररावांनी सचिवांना फोन केला.

"सचिवसाहेब, हद्द झाली! मीटिंग जवळ आली म्हणून मुद्दाम करून राहिले ते लोकं. नाकावर टिच्चून!"

"हो हो, नोंद घेतो," मनोहरराव म्हणाले. हे म्हणताना त्यांच्या बोटांना त्याच चिकनचा वास येत होता, कारण चिकूला शेवटचे घास ते हाताने भरवत.

खरं सांगायला तोंड उघडावं, तर शाकाहारी कुत्र्याची अब्रू जाते. न उघडावं, तर ज्यांच्या हातचं कुत्रा खातो त्यांच्यावरच बालंट. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मनोहररावांनी मग सभ्य माणसं अशा वेळी करतात तेच केलं. ते गप्प राहिले.

रविवारी संध्याकाळी गच्चीवर सभा भरली. भाडेकरूंना सभेत बसायची सोय नव्हती, त्यामुळे ज्यांच्याबद्दल सभा ते सोडून सगळे हजर होते. मधुकररावांनी संत्र्याच्या फोडी वाटल्या आणि दुपारच्या सावजीची ढेकर दाबत भाषण सुरू केलं.

"रोज! मी म्हणतो रोज वास! घरात देव आहेत, लहान लेकरं आहेत. आमच्या हिची पूजा चालू राहते आणि तिकडून भपकारा येते. माणसानं किती सोसावं? ना-हरकत द्यायची नाही. ज्यांना हे पटते त्यांनी हात वर करा."

भराभर हात वर झाले. मनोहररावांचाही हात सवयीने निघाला आणि खांद्यापाशी येऊन अडकला. आता त्यांना न्याय आठवला, माणुसकी आठवली, असं लिहायला मलाही आवडलं असतं. पण खोटं कशाला बोला? त्यांना पातेलं आठवलं. ही माणसं गेली तर उद्या चिकूला उकडून कोण घालणार?

"थांबा," ते म्हणाले. "तो वास... तो त्यांचा नाही. म्हणजे त्यांच्या घरचा आहे, पण चिकूचा आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

मनोहररावांनी डोळे मिटून घेतले. आता आपली छी थू होणार.

"अगंबाई, चिकूसाठी का?" तिसऱ्या मजल्यावरची मुग्धा म्हणाली. "बिचारं! किती वाळलंय!"

"मग आधी नाही का सांगायचं सचिवसाहेब!" मधुकरराव तर विरघळलेच. "आजारी जनावराचं पथ्य ते. औषधच म्हणा ना! आणि वास तरी काय, खरं सांगू, तेवढा काही येत नाही."

पाहता पाहता सगळ्यांना आठवलं की वास तेवढा येत नाही. कोणाची खिडकी त्या बाजूला नव्हतीच, तर कोणाला सर्दी होती. एकाने भूतदयेवर दोन शब्द सांगितले. मग एकमताने ठराव झाला: चिकू पूर्ण बरा होईपर्यंत तळमजल्यावर चिकन शिजवायला सोसायटीची हरकत नाही, आणि तोवर मेश्राम कुटुंबाच्या राहण्यालाही हरकत नाही.

"आणि त्यांनी स्वतःसाठी शिजवलं तर?" कोणीतरी शंका काढली.

"नाही नाही, फक्त चिकूपुरतं," मधुकरराव म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

टाळ्या पडल्या. मनोहररावांना तर आपण मोठा गड सर केल्यासारखं वाटलं. कुत्रा वाचला, भाडेकरू वाचले, अब्रूही जवळपास वाचली. सभा आवरायच्या आधीच ते लगबगीने जिना उतरले. चिकू दुपारपासून खालीच होता. सिंधूताई त्याचा भात निववत बसल्या होत्या.

मनोहररावांनी ठराव जसाच्या तसा सांगितला. सांगून झाल्यावर पेढा मिळेल अशा चेहऱ्याने ते उभे राहिले.

"म्हणजे चिकू बरा झाला की आम्ही निघायचं," सरिता म्हणाली.

"तसं नाही... तेव्हाचं तेव्हा पाहू ना."

सिंधूताईंनी भातातून हाताला लागलेलं एक बारीक हाड काढून बाजूला ठेवलं. "मंग आता तुमीच सांगा भाऊ," त्या म्हणाल्या. "याले पोटभर घालू, का थोडं कमी कमी घालू?"

आवाजात टोमणा असता तर मनोहररावांनी परतवला असता. टोमणा नव्हता. बाई खरोखर विचारत होती. मनोहररावांना लाज वाटली. चारचौघांत वाटते ती नव्हे, एकट्याला वाटते ती, आणि ती फार वाईट असते.

"घाबरू नका, पोटभरच घालू," सिंधूताई म्हणाल्या आणि ताटली चिकूपुढे सरकवली. "तो का तुमच्या सोसायटीचा मेंबर हाय?"

चिकूने ताटली चाटूनपुसून साफ केली. अंग झाडलं. आणि इतके दिवस ज्याला उचलून न्यावं लागत होतं तो कुत्रा शेपूट उडवत दाराबाहेर पडला आणि टणाटण उड्या मारत जिना चढायला लागला. याच क्षणासाठी मनोहररावांनी टेकडीच्या गणपतीला नवस बोलला होता. आता मात्र ते धावत त्याच्यामागे सुटले, कारण वरून सभा उतरत होती.

"अरे वा!" मधुकरराव कठड्यावरून ओरडले. "चिकू तर ठणठणीत झाला!"

मनोहररावांनी चार पायऱ्यांवर चिकूला गाठलं आणि दोन्ही हातांनी कवेत घेऊन उचललं. कुत्रा वाळला असला तरी लॅब्राडोरच तो. सचिवांच्या कमरेतून कळ निघाली ती मानेपर्यंत गेली.

"कुठला ठणठणीत!" ते धापा टाकत म्हणाले. "उसनं अवसान आहे ते. आतून पार पोखरलाय. डॉक्टर म्हणाल्या, पथ्य फार दिवस चालणार. फार म्हणजे फारच दिवस."

"असं का? दिसत तर नाही," मधुकरराव वाकून पाहू लागले.

चिकू सुटायला धडपडत होता, चारही पाय हवेत झाडत होता. सुटता येईना तेव्हा त्याने आनंदाने मालकाचं तोंड चाटायला घेतलं. गाल, मिशा, ओठ, एक जागा सोडली नाही. चिकनचं पाणी मनोहररावांच्या हनुवटीवरून ओघळलं. सगळी सोसायटी जिन्यात उभी राहून पाहत होती, आणि पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता.

"फार अशक्त आहे हो," ते म्हणाले, आणि कुत्र्याला तसंच छातीशी धरून एकेक पायरी चढू लागले.