उंबराच्या पोटातली वाट

१९३४ साली नागपूरहून बी.एस्सी. होऊन कमलाकांत अकोल्याला परतला, तेव्हा त्याच्या वडिलांच्या, बापूसाहेबांच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मोर्णेकाठी उंबराखाली दत्ताच्या पादुका होत्या. तिथली गुरुवारची पूजा आता मुलाने करावी, असं त्यांना फार वाटे.

"पण मनातून वाटत असेल तरच," ते म्हणाले. "माझ्यासाठी सोंग नको. नाहीतर दुसऱ्या गुरुजींना सांगतो."

कमलाकांतने तीन दिवस तो विषय टाळला. माणूस आणि माकड एकाच पूर्वजाची लेकरं, हे त्याला पक्कं पटलेलं. अशा माणसाने हात जोडले तर ते सोंगच की!

बुधवारी तो उंबराचा पार झाडायला गेला. त्याला खाली पडलेली उंबरं नदीकडे लोटताना पाहून पाण्याला आलेली मैनाबाई हसली. "काहून लोटून राहिले भाऊ? फोडाचं, फुंकाचं, किडे उडाले का खायाचं!"

किडे? त्याने खोडावरचं एक पिकत आलेलं फळ चिरलं, खिशातलं भिंग लावलं आणि तिथेच बसला. पाच फळं चिरून झाली तेव्हा दुपार कलली होती.

"बाबा," घरात शिरताच तो म्हणाला, "उंबराला फूल येतं! फळाच्या आत, शेकड्यांनी. पुस्तकात वाचलं होतं, पाहिलं आज."

"आत? मग भुंगा शिरतो कसा? मला काही दिसायचं नाही, तूच सांग."

"तिळाहून बारीक माशी शिरते. तिची पिल्लं आतच वाढतात. नरांना पंखच नसतात. ते माद्यांसाठी साल पोखरून वाट करतात आणि बहुतेक आतच मरतात. माद्या पराग घेऊन दुसऱ्या झाडाकडे उडतात."

"त्या नराला हे शिकवलं कोणी?"

"कोणीच नाही. ज्यांना जमलं त्यांचाच वंश टिकला. लाखो वर्षं झाड आणि माशी एकमेकांपायी बदलत आलीत." जे बोलायची धास्ती होती, तेच तो बोलून गेला.

बापूसाहेबांनी मान हलवली. "लाखो वर्षं! आणि मी समजत होतो, देवाने झाड एका दमात उभं केलं. फारच उतावळा ठरवला की रे मी त्याला."

"पण बाबा, यात देव कुठे सापडत नाही."

"भिंगात सापडेल असं मी कधी म्हटलं? तू आज जेवायला विसरलास, ते कशापायी?"

साल कुरतडणाऱ्या त्या नराकडे पाहताना आपण श्वास रोखून धरला होता, एवढं कमलाकांतला आठवलं. त्या रोखलेल्या श्वासाला परीक्षेच्या पुस्तकांत नाव नव्हतं.

गुरुवारी त्याने पूजा केली. पाणी घातलं, हात जोडले, आणि ते खाली यायला वेळ लागला.

"काय मांगतलं देवाले?" मैनाबाईने विचारलं.

"मागितलं नाही. विचारलं, अजून काय काय लपवून ठेवलंय?"

"मंग? बोलला काय?"

कमलाकांत तोवर खोडाशी वाकून मुंग्यांची रांग कुठे जाते ते पाहत होता.