एकादशीची अमेरिका

१९८९ साल. लीड्समधल्या एका कॉलेजात अमेरिकन इतिहासाचा तास रंगला होता. प्राध्यापक ठणकावून म्हणाले, "अमेरिकेची पिकं जगभर गेली, पण कर्मठ हिंदूंनी त्यांना धर्मात थारा दिला नाही."

वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या सुप्रभा राजाध्यक्षच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तरातरा पुढे आली आणि साबुदाण्याच्या खिचडीचा डबा तिने टेबलावर उघडला.

"सर, आज माझा एकादशीचा उपास. यातले बटाटे, शेंगदाणे, मिरच्या, साबुदाणा ज्या कंदाचा करतात तोसुद्धा, सगळं मूळचं अमेरिकेतलं. आमच्या देवाला चालतं!"

प्राध्यापकांनी चमचाभर खाल्लं. मिरचीने डोळ्यांत पाणी आलं. "मग उपासाला चालत नाही तरी काय?"

"आमचा घरचा भात!" सुप्रभा म्हणाली, आणि अख्ख्या वर्गाने बाकं बडवली.