मुरलेलं आणि शिजवलेलं

माझे बाबा बुकबाइंडर. चांदीचं जुनं नाणं घेऊन खिडकीपाशी गेले की त्यांना तीन हाका माराव्या लागत, आणि तिसरी आईचीच असावी लागे. बांधणीतून उरलेल्या कागदाची ते छोटी पाकिटं करत, खळ लावून चिकटवत आणि एकेका पाकिटात एकेक नाणं ठेवत. पाकिटावर पेन्सिलीने लिहीत, नाणं कुणाकडून आलं, कधी आलं. आई म्हणायची, या माणसाला माझा वाढदिवस विचारा, डोकं खाजवेल. नाण्याची तारीख विचारा, तोंडपाठ.

दर रविवारी सकाळी बाबांच्या कारखान्यात नाणेवाल्यांची बैठक भरे. पुठ्ठे कापायचं लांब टेबल मोकळं करून त्यावर हिरवं कापड अंथरायचं. खळीचा आंबूस वास असायचाच, त्याचं कुणाला काही वाटत नसे. पोस्टमास्तर येत, दातांचे डॉक्टर येत, भूगोलाच्या बाई येत. आणि समोरच घड्याळदुरुस्तीचं दुकान असलेले घड्याळकाका, बाबांचे जिवलग मित्र. दिवसभर दुसऱ्यांची घड्याळं लावून देणारा हा माणूस बैठकीला हमखास वीस मिनिटं उशिरा येई. त्यावरचा विनोद दर रविवारी होई आणि दर रविवारी सगळे हसत.

मी चहा नेऊन द्यायचे आणि तिथेच रेंगाळायचे, कारण मला नाण्यांपेक्षा त्यांच्या गोष्टी आवडत. बाईंच्या आत्याने म्हणे एक नाणं उशीत शिवून ठेवलं होतं आणि तिची मान जन्मभर त्यामुळेच वाकडी राहिली. डॉक्टरांना एका म्हातारीने दात काढल्याबद्दल नाणं दिलं, आणि दुसऱ्या दिवशी येऊन दातही परत मागितला. निम्म्या गोष्टी थापा असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. त्या सकाळी आठवल्या की अजून माझा जीव हळवा होतो.

चांदी वर्षानुवर्षं कागदात पडून राहिली की कागदातल्या गंधकाने तिच्यावर रंग चढतो. आधी फिकट सोनेरी, मग तांबूस, मग जांभळा आणि निळा. बैठकीत त्याला ‘मुरलेलं’ म्हणत. असं नाणं कापडावर आलं की पोस्टमास्तरसुद्धा बोलायचे थांबत, आणि ते एरवी श्वास घ्यायलाही थांबत नसत.

मग शिजवलेली नाणी आली. रंगीत नाण्याला अवाच्या सवा किंमत येते म्हटल्यावर लोकांनी ती ओव्हनमध्ये भाजली, गंधकाच्या धुरात धरली, उकडलेल्या अंड्यांबरोबर डब्यात कोंडली. पन्नास वर्षांचं काम आठवड्यात उरकलं. पोस्टमास्तरांनी मोठ्या हौसेने घेतलेली सहाच्या सहा निळी नाणी शिजवलेली निघाली. ते दोन रविवार गप्प बसून राहिले, तिसऱ्या रविवारी आलेच नाहीत. डॉक्टर आता प्लास्टिकच्या डबीत सील केलेलीच नाणी आणू लागले, सोबत तपासणीचा कागद. नाण्याला हात लावायची सोय उरली नाही. सगळे एकमेकांचं नाणं संशयाने बघू लागले, आणि थोड्याच दिवसांत एकमेकांकडेही.

प्रत्येक शिजवलेल्या नाण्याबरोबर एक सुरेख गोष्ट यायची, हे बाबांच्या लक्षात आलं. आजोबांची ट्रंक, माळ्यावरचा डबा, मावशीचा बटवा. बाबांनी नियम केला: यापुढे गोष्टी बंद. नाणं कापडावर ठेवायचं, गप्प बसायचं, मी बघून सांगतो. बाबांची नजर कधी चुकली नव्हती, त्यामुळे सगळ्यांनी मान डोलावली. मला मात्र नियम मुळीच आवडला नाही. तसं मी बोललेही, आणि चहाचे कप उचलायला सांगून मला बाहेर काढण्यात आलं. तेव्हा मी चाळिशीची होते, हेही सांगून ठेवते.

त्यानंतरच्याच एका रविवारी घड्याळकाका चक्क वेळेवर आले. खिशातून नाणं काढून त्यांनी कापडावर ठेवलं आणि ओठ मिटून हसत बसले. नाण्याच्या उजव्या कडेला गडद निळी चंद्रकोर होती, तिच्या आत तांबडी रेघ, बाकी सगळं लख्ख पांढरं. बाबांनी भिंग लावलं. इतका ठळक रंग, तोही एकाच कडेला. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, “शिजवलेलं.”

घड्याळकाकांचं हसू जागच्या जागी विरलं. मला वाटलं, आता ते काहीतरी सांगतील. ते बाबांकडे बघत राहिले, मग त्यांनी नाणं उचललं आणि चहा न घेता निघून गेले. गोष्ट सांगायची बंदी होती, आणि घड्याळकाका नियम पाळणारे. बैठक पुढे जेमतेम दोन महिने टिकली. दोघा मित्रांचं बोलणं त्याच दिवशी संपलं. समोरासमोरची दुकानं, तरी एकाने शटर उघडताना दुसरा पाठ करून उभा राही. मग कारखाना विकला, आम्ही लांब राहायला गेलो, आई गेली. आईच्या वेळीही घड्याळकाका आले नाहीत, ते मला फार लागलं.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. आता बाबा चौऱ्याऐंशीचे आहेत आणि त्यांच्या नजरेच्या मधोमध काळा डाग आहे. कडेकडेचं तेवढं दिसतं. सगळी नाणी वस्तुसंग्रहालयाला द्यायची म्हणून मी त्यांची यादी करत होते. मी पाकीट उघडायचं, रंग सांगायचा, पाकिटावरचं वाचायचं. बाबांनी उरलेलं सांगायचं. परवा सकाळी एका पाकिटातून नाणं निघालं आणि मी रंग सांगता सांगता अडखळले. उजव्या कडेला निळी चंद्रकोर, आत तांबडी रेघ.

पाकिटावर बाबांचं अक्षर होतं: ‘जोडीतलं एक. दुसरं घड्याळवाल्याला, दुकान उघडलं त्या दिवशी.’

मी ते वाचून दाखवलं. खरं सांगायचं तर वाचू नये असंच वाटलं होतं. या माणसाकडे आता दुसरं काय उरलंय, ही एक नजर तेवढी कधी न चुकल्याचा अभिमान, तोही मी काढून घेऊ? पण पाकीट हातात होतं आणि बाबा ऐकायला बसले होते.

बाबांनी पाकीट मागून घेतलं आणि अंगठ्याने त्याचा चिकटवलेला जोड चाचपला. बाबा डावखुरे. जगातले सगळे पाकिटाला खळ डावीकडे लावत असतील तर बाबा उजवीकडे लावतात, आणि तीही भरपूर. खळीपाशी रंग लवकर चढतो. ती चंद्रकोर बाबांच्या हाताची होती. त्यांनी पांढरं नाणं आपल्याच पाकिटात घालून मित्राला दिलं होतं, ते तीस वर्षं तिथे मुरलं होतं, आणि ओळखतोस का बघू म्हणून मित्राने ते समोर ठेवलं होतं.

त्यांनी पाकीट खिशात घातलं. मग म्हणाले, “रिक्षा बोलाव.”

घड्याळकाकांचं दुकान होतं तिथेच होतं. काकांनी आम्हाला पाहिलं, मान खाली घातली, मग उठून बाबांचा हात धरला आणि त्यांना खुर्चीपर्यंत नेलं. बाबांनी बसायच्या आतच सांगून टाकलं. नाणं मुरलेलं होतं, माझंच होतं, मी माझं काम ओळखलं नाही. काकांनी ऐकलं, ड्रॉवर उघडला आणि त्यांचं नाणं काढून ठेवलं. ते सोड्याने घासून पांढरंफटक केलेलं होतं. रंगाचा मागमूस नव्हता. मला रडूच आलं.

“रंगाचं जाऊ दे रे,” काका म्हणाले. “मला वाटलं, तू म्हणालास म्हणजे शिजवलेलंच असणार, तू दिलेलं खरं कुणीतरी काढून घेऊन हे ठेवलेलं. ड्रॉवरच्या चाव्या दोनच. एक माझी, एक पोराची.”

त्यांचा मुलगा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचे. दुकानात मागच्या खोलीत तो घड्याळांच्या केसना मुलामा द्यायचा, आम्लं आणि रसायनं सगळी हाताशी. काकांनी त्याच रविवारी घरी जाऊन त्याला विचारलं होतं. नुसतं विचारलं होतं, एकदाच. दादाने उत्तर दिलं नाही. महिन्याभरात तो बायको-मुलांना घेऊन दुसऱ्या गावी गेला. काकी गेल्या तेव्हा आला, तिसऱ्या दिवशी परतला. अकरा वर्षांत फोन नाही.

“माझ्या शब्दावर तू पोराला चोर ठरवलंस?” बाबांनी विचारलं.

“तुझा शब्द कधी चुकला होता?” काका म्हणाले.

त्यावर बाबांचा चेहरा जो झाला तो मला पुन्हा बघायचा नाही. नाणं गेलं, मैत्री गेली, एवढा हिशोब ते रिक्षात मांडून आले होते. या तिसऱ्याची त्यांना कल्पनाच नव्हती. त्यांनी काकांकडे नंबर मागितला. काका म्हणाले, आता राहू दे, पोरगा उचलणार नाही. बाबा म्हणाले, तुझा उचलणार नाही, माझा उचलेल.

नंबर मी लावला. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा केला.

“मी बाइंडरकाका बोलतोय. तुझ्या बाबांच्या त्या नाण्याला मी शिजवलेलं म्हणालो होतो. ते तसं नव्हतं. चूक माझी. तुझा त्यात कधीच काही संबंध नव्हता. हे मी अकरा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं, पण मला आजच कळलं.”

फोन कट झाला असं वाटून मी पाहिलं, तर चालू होता.

“बाबा आहेत का तिथे?” दादाने विचारलं.

बाबांनी फोन पुढे केला. काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि कानाला लावला. पलीकडे दादा थांबून राहिला होता. भिंतीवरची सगळी घड्याळं सकाळचे साडेदहा दाखवत होती.

“जेवलास का?” काकांनी विचारलं.