वस्तऱ्याचे रविवार

साठीला टेकलेल्या माणसाने आपल्याच गळ्याला वस्तरा लावायला शिकावं, हे काही शहाणपणाचं लक्षण नव्हे. चष्मेवाल्याला ते कळत होतं. पण त्याला दुसरा इलाज उरला नव्हता, आणि खरं सांगायचं तर दुसरा उद्योगही उरला नव्हता.

चष्मेवाला म्हणजे चष्म्याच्या काचा घासणारा. दुकानात पुढे मालक गिऱ्हाइकांशी गोड बोलून फ्रेमा खपवायचा आणि हा मागच्या खोलीत चाकासमोर बसून काचांना आकार द्यायचा. दिवसभरात त्याच्याशी कोणी बोललंच, तर ‘झाल्या का?’ एवढंच. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी घरी गेला की तो आधी रेडिओ लावायचा आणि मग चपला काढायचा.

रविवारी सकाळी तो वस्तादाकडे दाढीला जायचा. वस्ताद म्हणजे कोपऱ्यावरचा म्हातारा न्हावी. सगळी गल्ली त्याला त्याच नावाने ओळखायची, आणि ते नाव त्याने वस्तऱ्यावर कमावलं होतं. एक खुर्ची, एक आरसा, भिंतीला टांगलेला चामड्याचा पट्टा, एवढंच दुकान. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल तोंडावर, मग फेस, मग दोन बोटांनी हनुवटी धरून तोंड इकडे वळव, तिकडे वळव. दोघंही घुमे. तासभर बसले तरी चार वाक्यांच्या वर गाडी जायची नाही. पण बायको गेल्यापासून चष्मेवाल्याच्या अंगाला हात लावणारा, कामापुरता का होईना, जगात एवढा एकच माणूस उरला होता. हे त्याने स्वतःशीसुद्धा कधी कबूल केलं नव्हतं. रविवारी तो लवकर उठायचा, बस.

मग वस्तादाचा हात थरथरायला लागला. आधी कात्रीवर, मग वस्तऱ्यावर. गिऱ्हाइकं हळूहळू पांगली. चष्मेवाला मात्र जात राहिला. एका रविवारी कानाखाली चर्रकन कापलं.

“काही नाही, लागलं नाही,” तो घाईघाईने म्हणाला.

“मला लागलं,” वस्ताद म्हणाला. त्याने तुरटी फिरवली, वस्तरा पुसला, मिटला आणि चष्मेवाल्याच्या हातात ठेवला. “हा तुम्ही ठेवा. आमचं झालं आता.” त्या दिवसानंतर दुकान उघडलं नाही.

चष्मेवाला मोठ्या रस्त्यावरच्या नव्या सलूनमध्ये जाऊन आला. तिथल्या माणसाने कानात गाणी कोंबलेली होती. त्याने मशीन फिरवलं, फवारा मारला आणि ‘नेक्स्ट’ म्हणाला. सगळ्या दाढीत त्याचं एक बोट गालाला लागलं नाही. चष्मेवाला बाहेर पडला आणि बराच वेळ उगाच रस्त्यावर उभा राहिला. घरी येऊन त्याने कपाटातून तो वस्तरा काढला.

आता बघा, माणसाला एक विद्या येत असली की त्याला वाटतं आपल्याला तिची चुलत भावंडंही येतात. चष्मेवाल्याचा जन्म घासण्यात गेला होता. वस्तरा हाताला जरा बोथट वाटला, तेव्हा त्याने तो सरळ दुकानात नेला आणि काचा घासायच्या चाकाला लावला. पातं आरशासारखं चकाकलं. धारेच्या कडेला निळसर झाक आली, तीही त्याला शोभेचीच वाटली. घरी गालाला लावला तेव्हा कळलं. वस्तरा कापेचना, नुसता केस उपटायचा. म्हणून त्याने जोर दिला, आणि मग मात्र कापलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो आरशात बघून म्हणाला, आणि गालाला कापूस लावून वस्तादाचं घर शोधत निघाला.

दार वस्तादाच्या मुलीने उघडलं. शाळेत शिकवणारी, चाळिशीची बाई, बापासारखीच मोजकं बोलणारी.

“बाबा कोणाला भेटत नाहीत, काका,” ती दारातच म्हणाली. “माणसं येतात, हाताकडे बघतात, हळहळतात. मग बाबा दिवसभर हात मांडीखाली घालून बसतात. जेवतसुद्धा नाहीत. म्हणून मीच कोणाला आत सोडत नाही. राग मानू नका.”

“भेटायला नाही आलो,” चष्मेवाला म्हणाला. “काम आहे. हे बिघडलंय.”

खिडकीजवळच्या खुर्चीतून आवाज आला. “काय बिघडलंय?”

मुलगी दारातून बाजूला झाली. वस्तादाने पातं उजेडात धरलं. हात लटपटत होता, पण डोळा तोच होता. निळी कड दिसली आणि म्हातारा उखडला.

“चाकाला लावलंत? चाकाला? अहो, तापलं ते! पोलादाचं पाणी उतरलं, धार धरायची नाही ते! आता याने पेन्सिली तासा!” मग कापसाकडे बघून म्हणाला, “माकडाच्या हाती कोलीत दिलं मी. चूक माझीच.”

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात थबकली होती. किती दिवसांनी बापाचा आवाज चढला होता. ती चहा टाकायला गेली.

“शिकवा मग,” चष्मेवाला म्हणाला.

वस्तादाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “शिकायचं असेल तर अहो-जाहो चालायचं नाही. शिकणाऱ्याला मी अरे-तुरेच करणार.”

“चालेल.”

“मग पलंगाखालची माझी धोकटी ओढ. दुसरा वस्तरा काढ. आणि आधी गप्प बसायला शिक.”

आई गेल्यापासून चष्मेवाल्याला कोणी ‘तू’ म्हटलं नव्हतं. पलंगाखाली वाकला तेव्हा त्याला एकदम भरून आलं, म्हणून तो धोकटी सापडल्यावरही जरा वेळ तिथेच शोधत राहिला.

असे रविवार पुन्हा सुरू झाले. वस्ताद तोंडाने शिकवायचा, कारण हाताने दाखवणं आता त्याला जमत नव्हतं. पहिल्या दिवशी नुसता पट्टा. पात्याची पाठ पुढे, धार मागे. उलटवायचं ते पाठीवर, धारेवर कधी नाही. चष्मेवाल्याने दुसऱ्याच फेरीला धार पुढे नेली आणि पट्ट्याला चीर पाडली. “माझ्या बापाचा पट्टा होता,” वस्ताद शांतपणे म्हणाला, आणि ते ओरडण्यापेक्षा जास्त झोंबलं. मग नुसता उजवा गाल. पाठ गालापासून जराशी वर. दुसऱ्या हाताने कातडं ताणून धर. दाबू नकोस, पात्याच्या वजनानेच ते चालतं. मग डावा गाल, तोही डाव्या हाताने. घरी आरशासमोर डाव्या हातात वस्तरा धरून उभं राहिल्यावर चष्मेवाल्याला कळलं, की इतकी वर्षं आपल्याला निम्माच चेहरा माहीत होता.

“आमच्यात पोरगा तयार झाला की नाही हे आरशाला विचारत नाहीत,” वस्तादाने एकदा सांगितलं. “घरून दाढी करून यायचं आणि वस्तादापुढे मान वर करून बसायचं. वस्ताद बोट उलटं फिरवणार. बोटाला खुंट लागला, तर पुढच्या रविवारी परत. नाही लागला, तर वस्ताद म्हणतो, जा. आणि जा म्हणजे जा. मग परत तोंड दाखवायला यायचं नाही, आपलं दुकान टाकायचं. मला ‘जा’ म्हणाले तेव्हा मी रस्त्यात उभा राहून रडलो होतो. आनंदाने म्हणे.”

दर रविवारी तो मान वर करून बसायचा आणि वस्तादाचं बोट गळ्यापासून वर सरकायचं. हवेत लटपटणारा हात गालावर टेकला की शांत व्हायचा. महिन्याभरात गाल साफ झाले, मग ओठांवरची जागा, मग हनुवटी. शेवटी फक्त डाव्या जबड्याखालची जागा उरली. तिथे चष्मेवाल्याच्या केसांचा भोवरा होता आणि तो वस्तऱ्याला चकवा द्यायचा. “हा जमला की झालं,” वस्ताद म्हणाला.

भोवरा एका बुधवारी जमला. मान उजवीकडे कलती केली, कातडं कानाकडे ताणलं, वस्तरा आडवा नेला, आणि बोटाला काचेसारखी जागा लागली. चष्मेवाल्याला एवढा आनंद झाला की कोणाला तरी सांगायला तो वळला. मागे मोरी होती. मग त्याच्या लक्षात आलं की आता रविवारी वस्ताद ‘जा’ म्हणणार.

त्या रविवारी त्याने भोवऱ्याची जागा तशीच सोडली.

“राहिलंय,” वस्ताद म्हणाला.

“राहिलंय का? छे, जमतच नाही बघा.” आणि चष्मेवाला खुशीत चहा प्यायला.

असं त्याने पुढेही केलं. दाढी झकास करायची, आणि जबड्याखाली चार खुंट जपून ठेवायचे. यात काय वावगं, असं त्याला वाटायचं. कोणाचं काही जात नव्हतं, आणि आठवड्याला एक सकाळ आपली राहत होती.

पण जात होतं. एका रविवारी निघताना वस्तादाची मुलगी त्याच्यामागे जिन्यापर्यंत आली.

“काका, बाबा परत जेवत नाहीत. मी विचारलं, तर म्हणाले, इतक्या पोरांना शिकवलं, एकही कच्चा राहिला नाही. हा तर केसाएवढं बारीक काम करणारा माणूस, आणि याला मला एक जागा शिकवता येईना. हात गेले होते, आता विद्याही गेली.” तिने आवाज खाली आणला. “तुम्हाला सांगू नये, पण तेवढं एकदा जमवा ना.”

 जिना उतरताना चष्मेवाल्याने कठडा घट्ट धरला होता. आपल्या चार खुंटांसाठी आपण म्हाताऱ्याकडे उरलेलं तेवढंच काढून घेतलं, हे त्याला लख्ख दिसलं, आणि स्वतःची शरम वाटली.

तो आठवडा त्याला फार जड गेला. काचा घासताना तो मनात वाद घालत होता. खरं सांगून टाकावं? म्हणजे आणखी अपमान. मुद्दाम ठेवले होते म्हटलं तर म्हातारा तोंड बघणार नाही. बरं, भोवरा साफ करावा आणि नंतरही जात राहावं? माणसं जातात की एकमेकांकडे. एका संध्याकाळी त्याने आरशासमोर उभं राहून म्हणून पाहिलं, “सहज आलो होतो.” ते इतकं खोटं वाटलं की त्यालाच हसू आलं. उभ्या आयुष्यात तो कोणाकडे सहज गेला नव्हता. आणि ती बाई सहज आलेल्याला आत घेत नव्हती, हेही होतंच. शिकणारा म्हणून दार उघडलं होतं. शिकून झालं की दार लागणार.

रविवारी त्याने पाणी गरम केलं, फेस केला आणि सावकाश दाढी केली. भोवऱ्यापाशी आला तेव्हा हात थांबला. मग त्याने मान कलती केली, कातडं ताणलं आणि वस्तरा आडवा नेला. एकदा, आणि पुन्हा एकदा. खुंटाचं नाव राहिलं नाही. धोकटीतून मिळालेला तो वस्तरा पुसून, तेलाचं बोट लावून त्याने फडक्यात गुंडाळला. ज्याची वस्तू त्याला परत द्यायची होती.

“ये,” वस्ताद म्हणाला. त्याचा आवाज थकलेला होता. हात मांडीखाली होते, ते त्याने काढले. “बस. मान वर.”

बोट उजव्या गालावरून वर गेलं. हनुवटी, ओठ, डावा गाल. काही बोलण्यासारखं नव्हतं. मग बोट जबड्याखाली आलं आणि थांबलं. उलटं गेलं. सुलट आलं. पुन्हा उलटं गेलं. वस्तादाच्या छातीतून मोठा श्वास सुटला. चष्मेवाल्याने तिरक्या नजरेने पाहिलं, तर म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हसत होते. चला, मिळालं त्याला त्याचं, चष्मेवाल्याला वाटलं.  तो ‘जा’ ऐकायची वाट बघत राहिला.

 वस्तादाचं बोट तिथेच होतं. मुलगी चहा घेऊन आली, तिने वाकून तो जबडा बघितला, आणि तिचा चेहरा खुलला. ती काही म्हणणार, इतक्यात वस्तादाने डोळे उघडले. त्याने तिच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि चष्मेवाल्याच्या मांडीवरच्या फडक्याकडे पाहिलं.

“राहिलंय,” तो म्हणाला.

“कुठे?” चष्मेवाल्याच्या तोंडून निघून गेलं.

“इथे. तुला नाही कळायचं ते. मला लागतंय.” वस्तादाने बोट आणखी एकदा त्या गुळगुळीत जागेवरून नेलं. “आज उजेड कमी आहे. पुढच्या रविवारी नीट बघू.”

अकरा वाजून गेले होते. खिडकीतून ऊन आत येऊन तिघांच्या अंगावर पडलं होतं.  मुलीने कप खाली ठेवले आणि आपल्यासाठीही एक खुर्ची ओढली.

“येतो,” चष्मेवाला म्हणाला, आणि वस्तादाचा हात निघेपर्यंत मान तशीच वर धरून बसला.