कुलूपबंद म्हणजे रिकामे

जबलपूरच्या घमापुरातल्या आमच्या गल्लीत कोणी राहत नाही, हे मला ऑफिसच्या संगणकावर कळलं. मी त्याच गल्लीत जन्मले आणि सकाळी तिथूनच डबा घेऊन कामावर आले होते.

मी जबलपुरातल्या एका सरकारी सर्वेक्षण कार्यालयात सांख्यिकी सहायक आहे. यंदा आमच्याकडे रिकाम्या घरांची पाहणी होती. सगळं शहर दारोदार फिरून मोजता येत नाही, म्हणून सोडत काढून थोडी घरं निवडतात आणि निवडलेलं प्रत्येक घर आजूबाजूच्या अनेक घरांच्या वतीनं बोलतं. पद्धत चांगली आहे. मी ती शिकले आहे, तिच्यावर माझा राग नाही. माझा राग तारखांवर आहे.

दाराला कुलूप असेल तर दोनदा जायचं. दोन्ही वेळा कुलूपच दिसलं, तर शेजाऱ्याला किंवा चौकीदाराला विचारायचं. सांगणारं कोणी भेटलं नाही, तर घर रिकामं धरायचं. हे काम शाळेच्या शिक्षकांकडे दिलं होतं आणि त्यांना सुट्टी दसऱ्याला असते, म्हणून पाहणी दसऱ्याच्या सुट्टीत ठेवली.

मी बैठकीतच म्हणाले होते, "सर, दसऱ्याला आमची सगळी गल्ली नागपूरला दीक्षाभूमीवर असते. म्हातारेकोतारेसुद्धा घरी राहत नाहीत. शेजारी कोणाला विचारणार?"

आमच्या कार्यालयाचे प्रमुख अच्युत सर हसले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या जबलपुरात नोकरी करत आलेलं, बोलणं मऊ, चहा नेहमी दुसऱ्याला आधी देणार. "अच्छा, अच्छा," ते म्हणाले, "अगं, एवढ्या मोठ्या शहरात एका गल्लीनं काय फरक पडतो?"

फरक असा पडला की सोडतीत आमची गल्ली आली. आमच्या दारांची कुलपं सगळ्या वॉर्डाच्या वतीनं बोलली आणि अर्धा वॉर्ड ओसाड ठरला. सराफ्यातल्या शेठ लोकांनी पैसा गुंतवायला घेतलेले नवे फ्लॅट मात्र भरलेले निघाले. तिथं वर्षभर दिवा लागत नाही, पण गेटवर चौकीदार आहे. तो म्हणाला, "साहब लोग आते-जाते रहते हैं." झालं, लिहिलं, राहतात. आमच्याकडे चौकीदार नाही, एवढाच आमचा गुन्हा.

हे नुसतं कागदावर राहिलं असतं तर मी दात-ओठ खाऊन गप्प बसले असते. पण नव्या नळाची लाइन याच आकड्यांवर ठरणार होती. वॉर्ड रिकामा, म्हणून लाइन दुसरीकडे. माझी आई, पार्वताबाई, गुडघे धरून टँकरपाशी उभी राहते. मी तिला सांगून ठेवलं होतं की येत्या उन्हाळ्यात नळ घरात येईल.

मी सरांकडे गेले आणि म्हणाले, "कुलूपबंद घरांत पुन्हा माणसं पाठवा. आता सगळे परत आलेत."

"वेळ नाही. शुक्रवारी जनसुनवाईत सगळ्या लोकांसमोर वाचायचंय." मग त्यांनी आवाज उतरवला. "देखो मोना, तुझं घर सोडतीत आहे ना? तेवढी नोंद मी दुरुस्त करून देतो. तुझ्या नळाचंही बघू."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतका वेळ मला वाटत होतं, या माणसाला समजलेलं नाही.

"म्हणजे नोंद चुकीची आहे, हे तुम्हाला माहीत आहे," मी म्हणाले. "मग बाकीच्यांची काहून नाही दुरुस्त करत?"

ते फाइल चाळायला लागले. मी अहवालावर सही केली नाही. त्यांनी दुसऱ्याची घेतली.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं, नळाची गोष्टही. मला वाटलं, ती म्हणेल, घ्यायचा होता नळ. ती पीठ मळत होती. म्हणाली, "शुक्रवारी किती वाजता हाय?"

शुक्रवारी अख्खी गल्ली सभागृहात आली. खुर्च्या पुरल्या नाहीत, माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. अच्युत सरांनी आमच्या वॉर्डाचा आकडा वाचला आणि आई उठली.

"साहेब, त्या रिकाम्या घरातली मी. आमच्या गल्लीत पानी कधी येते?"

"माताजी, यह तकनीकी मामला है. आप बैठ जाइए."

"बसते ना." आई खुर्ची सोडून पुढे गेली आणि त्यांच्या टेबलासमोर जमिनीवर बसली. गुडघ्यांमुळे तिला बसायलाच वेळ लागला. मग एकेक करून गल्लीतल्या बाया तिच्या मागे बसल्या. मीही नोकरीचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून बसले.

सरांनी शिपायाला हाक मारली. "इन लोगों को बाहर करो."

"कोनाले काढता, साहेब?" आईनं शांतपणे विचारलं. "तुमच्या हिशोबात तर आमी नाहीच."

शिपाई सरांकडे बघत दारातच उभा राहिला.