पऱ्हाटीचं औषध

सारं झरी गाव मला हसायचं. रानात एवढं हिरवं असताना राजेश्रीनं घरात कुंड्या कशाला मांडल्या म्हणं! मांडल्या, माझ्या नवऱ्यासाठी मांडल्या. देवगाव फाट्यावर गाडी पलटली आन् ह्यांचं मानेखालचं सारं अंग गेलं. रान दिसंना म्हणून माणूस कुढायलता. मग मनीप्लांट आणला, अरेका पाम आणला, खोली भरून टाकली. ह्ये पडल्या पडल्या हुकूम सोडायचे. ह्याला पाणी लय झालं, ती कुंडी उजेडाकडं फिरव. नवं पान फुटलं की असं वरडायचे, मी भाकर तव्यावर टाकून पळायची. जगायची लय हौस होती ओ त्यांना.

हिवाळ्यात पानांच्या बेचक्यात पांढरी कीड पडली. मी साबणाच्या पाण्यानं एकेक पान पुसायची, तरी ह्यांना दम निघंना.

"आबा, माझं झाड जायलंय," बापाला म्हणाले.

माझे सासरे, बन्सीधरमामा. सारी हयात कापसात गेली, किडीला एकच इलाज ठाऊक. मी दळण आणायला गेले, तेवढ्यात मामांनी कापसाच्या पऱ्हाटीवर मारायचं औषध पंपात भरलं आन् खोलीतली एकूणएक कुंडी भिजवून काढली. पडलेल्या लेकाला गार लागू न्हाई म्हणून खिडकी लावली, दार ओढलं आन् रानात निघून गेले. मुडद्यानं एवढा तरी इचार करावा का न्हाई, की रानात वारं असतंय!

मी दार उघडलं तर वासानं डोकं फिरलं. ह्यांच्या तोंडाला फेस आलता. गाडी करून परभणीला नेलं, पण दवाखान्याच्या दारातच सारं संपलं.

पोलीस ठाण्यातून जमादार आला. "औषध प्याला का?" एवढंच इचारलं. आमच्याकडं औषधानं गेला म्हणलं की दुसरं कुणी इचारीतच न्हाई.

चुलत सासरे तात्याराव माझ्या कानाशी आले. "व्हय म्हण, पोरी. न्हाईतर म्हातारा आत जाईल. आपल्या फवाऱ्यानं झालं, ह्ये त्याला अजून कळलंबी न्हाई."

मामा भिंतीला टेकून ऊर बडवायलते. "हात हलत न्हाई माझ्या लेकाचा, जीवनचा, पाजलं कुणी रं त्याला?"

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मेल्यावर माझ्या माणसाच्या नावावर जीव दिल्याचा डाग लावता व्हय?

"ह्ये प्याले न्हाईत," मी जमादाराला म्हणाले. "ह्यांना जगायचं होतं. मामांनी बंद खोलीत झाडांवर औषध मारलं, त्यानं गेले."

मामांचं रडणं जागच्या जागी थांबलं. मग भिंतीला धरून उठले आन् जमादारापुढं जाऊन उभे राहिले.

"न्या मला," म्हणाले.

तात्याराव माझ्याकडं बघायलते. मी आडवी गेले न्हाई.